‘तुम्ही बसा’ म्हणण्यापूर्वी

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ भौतिकोपचारतज्ज्ञ महिलेने केलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ.)



बाहेरच्या फलकावर ‘एम.एस. आणि चालण्याचा व्यायाम’ हा विषय वाचून, शल्यचिकित्सेच्या पदवीचा आणि चालण्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. त्यात आपला दोष नाही. माझ्या एका तरुण रुग्णाने सोसायटीतल्या आजोबांना ‘मला एम.एस. आहे’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी ‘अरे वा, कोणत्या कॉलेजातून?’ असे कौतुकाने विचारले होते! आपल्या समाजात हा आजार किती अपरिचित आहे, हे यावरून ध्यानात यावे. एम.एस. म्हणजे येथे मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर असते तसे. शरीराची रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर उलटते, ठिकठिकाणी ते खरवडले जाते आणि तंतूंमधून जाणारे संदेश मंदावतात, अडतात किंवा भलतीकडे जातात. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयात तो डोके वर काढतो आणि पुरुषांच्या दुपटी-तिपटीने स्त्रियांना होतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी. मात्र मुंबईतील पारशी समाजात ते बरेच अधिक असल्याचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून दिसून आले.

माझी या आजाराशी ओळख पुस्तकात झाली नाही, घरात झाली. १९८६ साली माझ्या वहिनी एकतीस वर्षांच्या होत्या. माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असत. आदल्या वर्षी त्यांचा डावा डोळा काही आठवडे अंधुक झाला होता आणि आपोआप बरा झाला होता. नंतर उजव्या पायाला मुंग्या आल्या, पाऊल फरफटू लागले. पुष्कळ हिंडल्यावर एका मोठ्या रुग्णालयात निदान झाले. सल्ला असा मिळाला : विश्रांती घ्या, दगदग टाळा, ऊन आणि कढत पाणी टाळा, शक्यतो जिने चढू नका. मी त्या वेळी नुकतीच भौतिकोपचाराची पदविका घेऊन कामाला लागले होते. माझ्याही पुस्तकांतून मी तेच शिकले होते, आणि घरात सर्वांत हिरिरीने त्या सल्ल्याची अंमलबजावणी मीच केली, हे आज आपल्यापुढे कबूल केले पाहिजे. वहिनी पाणी प्यायला उठल्या की मी म्हणे, ‘वहिनी, तुम्ही बसा.’ आई म्हणे, ‘सूनबाई, तू बस गं.’ दादाने तर पहिल्या मजल्यावरच्या घरात त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची आणली, तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत होत्या. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नाहीत.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे आम्ही कोणीही पाहिले नाही. घरी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज त्यांना दोन-दोनदा करावी लागू लागली. दूधवाल्याचा हिशोब अर्ध्यावर राहू लागला. कोणी काही विचारले तर उत्तर येई ते बरोबरच येई. पण इतक्या वेळाने येई, की विचारणारा पुढच्या विषयावर गेलेला असे. आम्ही म्हणत असू, ‘आजार मनाला लावून घेतला आहे.’

विश्रांतीचा सल्ला आला कोठून?

पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले सुव्यवस्थित वर्णन केले. नवलाची गोष्ट अशी, की रुग्णांची स्मृती दुबळी होते आणि विचार सावकाश आकार घेतात, हेही त्यांच्या व्याख्यानांतून नोंदलेले आहे. पुढे कित्येक दशके वैद्यकाने ते बाजूला ठेवले आणि एम.एस. हा हातापायांचा, डोळ्यांचा, तोल जाण्याचा आजार मानला.

विश्रांतीच्या सल्ल्याचे मूळ मात्र जर्मनीत आहे. विल्हेल्म उथॉफ नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी १८९० साली आपल्या शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चौघांची दृष्टी शारीरिक श्रमांनंतर तात्पुरती मंदावत असल्याचे त्यांना आढळले. निरीक्षण अगदी अचूक होते. शंभरातील चौघेच होते, हे लक्षात घ्या. तथापि त्यावरून निघालेला निष्कर्ष शंभरांतील शंभरांना लागू झाला : श्रमाने आजार वाढतो, सबब श्रम नकोत.

वस्तुतः दोष श्रमाचा नव्हता, उष्णतेचा होता. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पार पडत असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले, तरी तो जेमतेम जाणारा संदेश अडू शकतो. म्हणूनच तीच लक्षणे कढत पाण्याने स्नान केल्यावर येतात, तापात येतात, आणि आपल्या विदर्भात तर नुसते मे महिन्यात अंगणात उभे राहिल्यानेही येतात. एके काळी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहण्याची पद्धतही होती. शरीर थंड झाले की लक्षणे ओसरतात. आवरणाची नवी झीज त्यात झालेली नसते. तात्पुरता अडथळा आणि कायमची हानी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे रुग्णांच्या तीन-चार पिढ्या खुर्चीत बसल्या.

ही समजूत बदलण्यास चांगल्या प्रयोगाची गरज होती. अमेरिकेतील युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि १९९६ साली प्रसिद्ध केला. चोपन्न रुग्णांचे दोन गट. एका गटाला पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस मिनिटे हात व पाय दोन्हींनी पेडल मारण्याचा व्यायाम. त्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २२ टक्क्यांनी वाढली, थकवा आणि खिन्नता यांतही फरक पडला, आणि व्यायामामुळे आजार बळावला नाही. १८९० ते १९९६. एका निरीक्षणाचा चुकीचा लावलेला अर्थ दुरुस्त व्हायला एकशे सहा वर्षे लागली. यात मी कोणाही एका डॉक्टरला दोष देत नाही. मीही त्यांतलीच एक होते.

‘मनाने घेतले आहे’

आता डोक्याकडे वळू. एम.एस.च्या रुग्णांपैकी साधारणतः चाळीस ते पासष्ट टक्के जणांना विचारशक्तीशी संबंधित काही ना काही अडचण येते, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते. हे वेड नव्हे, वृद्धापकाळातला विसराळूपणाही नव्हे. मुख्य अडचण वेगाची असते. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले ते समजून त्यावर उत्तर देण्यास लागणारा वेळ वाढतो. त्यासाठी एक साधी चाचणी आहे : कागदावर चिन्हांच्या रांगा, वर कोणत्या चिन्हाला कोणता अंक याची सूची, आणि नव्वद सेकंदांत जमतील तितकी चिन्हे अंकांत सांगायची. माझ्या वहिनींनी त्या वेळी ती दिली असती, तर ‘मनाने घेतले आहे’ हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झाले असते.

यामागे शारीरिक कारण आहे. निरोगी प्रौढ माणसाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. एम.एस.मध्ये, उपचार नसतील तर, हे प्रमाण ०.५ ते १.३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे आढळले आहे. आकडे लहान दिसतात. पण पस्तिशीतल्या माणसाच्या पुढे चाळीस वर्षे असतात, तेव्हा ते लहान राहत नाहीत.

घरच्यांना यातले काही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की सून भाजीत मीठ दोनदा घालते, मुलगा कार्यालयातले काम वेळेत संपवीत नाही, बायको बोलता बोलता थांबते. मग ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘लक्ष नाही’ अशी विशेषणे लागतात. पाऊल फरफटते म्हणून लोक निदान जिन्यात हात तरी देतात. विचार फरफटतो तेव्हा हात कोणी देत नाही. त्यातच या आजारात येणारा थकवा. तो श्रमानंतरच्या थकव्यासारखा नसतो, सकाळी उठल्याबरोबरच असतो. एका रुग्ण भगिनीने मला सांगितले, की तिला सर्वांत जास्त लागलेले वाक्य होते ‘दिसतेस तर छान’.

संशोधन काय सांगते, आणि काय सांगत नाही

चालण्याचा आणि मेंदूचा संबंध प्रथम वृद्धांमध्ये स्पष्ट झाला. कर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर आदी अमेरिकी संशोधकांनी १२० निरोगी वृद्धांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीनदा चालला. दहा मिनिटांपासून आरंभ करून चाळीस मिनिटांपर्यंत. दुसऱ्या गटाने अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवण्यात मुख्य वाटा असणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटात तो नेहमीप्रमाणे आकसला होता. हा अहवाल २०११ सालचा. ट्रेडमिल नाही, जिम नाही, नुसते चालणे!

साहजिकच प्रश्न आला, की आजारी मेंदूतही हे घडेल काय? त्यापूर्वीच, २०१० साली रुचिका प्रकाश आणि सहकाऱ्यांनी दाखविले होते, की ज्या एम.एस. रुग्णांची हृदय-फुप्फुसांची क्षमता अधिक, त्यांच्या मेंदूतील काही भाग अधिक शाबूत असतात. पण यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्याचा मेंदू शाबूत तोच अधिक हिंडतो-फिरतो, असेही असू शकेल. २०१४ साली न्यू जर्सीतून एक अहवाल आला. बारा आठवडे व्यायाम करणाऱ्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस १६.५ टक्के वाढला आणि स्मृतीच्या चाचणीत ५० टक्क्यांहून अधिक सुधारणा झाली. हा आकडा आपण कुठे ना कुठे वाचाल, म्हणून सांगून ठेवते : त्या प्रयोगात रुग्ण होते दोन. एकाने सायकलचा व्यायाम केला, दुसऱ्याने अंग ताणण्याचा. दोन माणसांवरून पुढच्या प्रयोगाची दिशा ठरवावी, औषध ठरवू नये.

चालण्यावर खास लक्ष दिले ते ब्रायन सँड्रॉफ आणि रॉबर्ट मोटल यांनी. २०१५ साली त्यांनी चोवीस रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी वीस-वीस मिनिटे ट्रेडमिलवर चालवले, सायकल चालवायला लावले आणि योगासने करविली, व प्रत्येक वेळी लगेच लक्ष एकाग्र ठेवण्याची चाचणी घेतली. तिन्हींचा उपयोग झाला, सर्वांत जास्त चालण्याचा. पुढे बारा आठवड्यांच्या ट्रेडमिल-चालण्याच्या प्रयोगांत विचारांचा वेग सुधारला, आणि थॅलॅमस हे मेंदूतील मध्यवर्ती केंद्र व मेंदूचे बाह्यावरण यांतील दळणवळणात बदल दिसला. तेही रुग्ण थोडे होते, दहाच्या आसपास. आणि विनाआधार चालू शकणारे होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर मी आपली फसवणूक केल्यासारखे होईल. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठात ८६ रुग्णांवर चोवीस आठवड्यांचा जोमदार व्यायामाचा प्रयोग झाला. २०२१ साली निष्कर्ष आले : मेंदूचे आकसणे व्यायामाने मंदावले नाही. क्षमता वाढली आणि आजाराचे नवे झटके कमी आले, हे खरे. पण मेंदूच्या आकाराबाबतची मुख्य आशा फळाला आली नाही. त्याहून मोठा प्रयोग ‘कॉगएक्स’ नावाचा. सहा देशांतील अकरा केंद्रे, हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकाराचे ३११ रुग्ण, बारा आठवडे. व्यायाम आणि बुद्धीचा सराव दोन्ही एकत्र दिले, तर विचारांचा वेग अधिक सुधारेल अशी अपेक्षा होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तुलनेच्या गटांपेक्षा फरक आढळला नाही.

मग मी आज येथे काय सांगायला आले? मित्रहो, मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. माझे मत असे आहे. चालल्याने एम.एस. बरा होतो किंवा मेंदू आकसायचा थांबतो, असे जो सांगेल त्याच्यापासून दूर राहावे. चालण्याची क्षमता, थकवा, झोप, मनःस्थिती यांत व्यायामाने फायदा होतो, हा पुरावा मात्र भक्कम आहे. विचारशक्तीला होणारा फायदा शक्य आहे, आजार फार पुढे जाण्यापूर्वी आरंभ केल्यास अधिक शक्य वाटतो, सिद्ध झालेला नाही. आणि या सगळ्याच्या पलीकडे एक गोष्ट निर्विवाद आहे : बसवून ठेवल्याने मेंदूचे भले होते, असा पुरावा कोणत्याही प्रयोगाने आजवर दिलेला नाही. वहिनी चालत राहिल्या असत्या तर त्यांचे गणित टिकले असते, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. आम्ही त्यांचे चालणे काढून घेतले, आणि त्यासाठी आमच्यापाशी काहीही आधार नव्हता, एवढे मात्र मला सांगता येते.

चालणे हे नुसते पायांचे काम नाही, याची खूण आपण घरीच पाहू शकता. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धांच्या निवासात एक साधे निरीक्षण केले. चालता चालता बोलण्याची वेळ आली की काही वृद्ध थबकत. पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण याच थबकणाऱ्यांमध्ये जास्त होते. निरोगी तारुण्यात चालणे आपोआप होते, डोके मोकळे राहते. एम.एस.मध्ये पाऊल कुठे पडते इकडे डोके गुंतते. त्याच वेळी हिशोब विचारला की चाल मंदावते किंवा हिशोब चुकतो. म्हणून माझी घरच्यांना विनंती असते, की रुग्ण रस्ता ओलांडत असताना त्याला ‘आज भाजी कोणती आणायची?’ असे विचारू नका. उलट, घरातल्या सुरक्षित व्हरांड्यात, भिंत हाताशी असताना, चालता चालता दोनचा पाढा म्हणायला लावणे हा उत्तम सराव आहे. वहिनींना मी पुढे हे करायला लावले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘तेराचा सांग, दोनचा मुलांना सांग.’

चालायचे कसे

प्रथम औषधांविषयी. १९९३ साली बीटा इंटरफेरॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून आजाराचा वेग कमी करणारी औषधे उपलब्ध होत गेली आहेत. चालणे ही त्यांना जोड आहे, पर्याय नाही. चालायला लागले म्हणून औषध सोडले, असे माझ्या पाहण्यात आलेले आहे, आणि त्याचे परिणामही.

किती चालावे? अमेरिकेतील राष्ट्रीय एम.एस. सोसायटीने २०२० साली तज्ज्ञांच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रत्येकाने आपल्या शक्तीनुसार, हळूहळू वाढवत, आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीपर्यंत पोहोचावे असे त्या सांगतात. यात घरकामातली हालचालही धरलेली आहे. कॅनडातील २०१३ च्या मार्गदर्शनात याहून सौम्य माप आहे : आठवड्यातून दोनदा तीस मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा. मी नव्या रुग्णाला दुसरे माप देते. बेताचे माप पूर्ण झाल्याचे समाधान मोठे असते.

मध्यम गती कशी ओळखावी? चालताना सोबत्याशी बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. घड्याळ, यंत्र काही लागत नाही. तीस मिनिटे सलग चालण्याचा हट्ट नको. न्यूयॉर्कमधील हर्ब कार्पॅटकिन यांनी २०१२ साली दाखवून दिले, की सलग सहा मिनिटे चालण्याऐवजी मध्ये विश्रांती घेत दोन-दोन मिनिटे तीनदा चालल्यास रुग्णाला थकवा कमी जाणवतो. अंतर चालायचे तेच, मध्ये टेकायचे एवढेच. देवळाच्या प्रदक्षिणेचा मार्ग यासाठी मला फार सोयीचा वाटतो : सावली, सपाट फरशी, हाताला भिंत, आणि टेकायला पायरी. आमच्या भागातील एका देवस्थानच्या विश्वस्तांनी सकाळी सहाला, फरशी पुसण्यापूर्वी, सभामंडप उघडून देण्याचे मान्य केले. ‘पुसण्यापूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा. ओल्या फरशीवर आमच्या दोन रुग्णांनी आपटी खाल्ली, त्यानंतर तो आला.

उष्णतेची काळजी हा आपल्याकडचा मुख्य भाग. पहाटेची वेळ धरावी. निघण्याआधी आणि मध्ये थंड पाणी घोटघोट प्यावे, मानेभोवती ओला पंचा असावा. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असते, घाम वाळत नाही, तेव्हा ओल्या पंचाचा उपयोग कमी होतो. तेथे पंख्याखाली घरातच चालावे हे उत्तम. चालताना दृष्टी अंधुक झाली किंवा पाय जड झाला तर घाबरू नये. सावलीत बसावे. तासाभरात बहुधा पूर्ववत होते. मात्र नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले तर तो झटका असू शकतो. व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे. तापातही चालू नये.

काठीविषयी दोन शब्द. पाय उजवा दुबळा असेल तर काठी डाव्या हातात धरतात. दहापैकी आठ जण उलटी धरतात, आणि चित्रपटांतही ती उलटीच दाखवतात! पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी बुटात बसते. चप्पल नको, मागून पक्के असलेले बूट हवेत. आपल्या भगिनींना साडीवर बूट घालण्याचा संकोच वाटतो. मी त्यांना सांगते, की पडल्यावर लोक काय म्हणतील त्याचा आधी विचार करा. आणि ज्यांना आता चालता येतच नाही, त्यांनी निराश होऊ नये. बसून हातांनी पेडल मारता येते, श्वासाचे व्यायाम करता येतात. पेटाजन यांच्या प्रयोगात पावलांइतकेच हातही काम करीत होते.

खरी अडचण पायांची नाही, खिडक्यांची आहे. तोल जातो, पावले वाकडी पडतात, आणि खिडकीतून कोणी तरी म्हणते, ‘सकाळी सकाळीच घेऊन आला वाटते.’ मुलीचे लग्न व्हायचे असेल तर आजार झाकून ठेवतात, आणि झाकायचा म्हणजे तिला चालताना दिसू द्यायचे नाही. अशा एका घरी मी गेले होते. मुलगी बावीस वर्षांची, आणि तीन महिने गॅलरीतसुद्धा आलेली नव्हती. तिच्या वडिलांना मी तीन कागद दाखवले. त्यांतला एक २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टाचा होता, त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचे नाव स्वतंत्रपणे आहे. दिव्यांगत्व ठरलेल्या प्रमाणात असल्यास प्रमाणपत्र मिळते आणि नोकरीत, शिक्षणात सवलतीही मिळतात. वडील बराच वेळ कागद वाचत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे सरकारदरबारी माहीत आहे तर.’ दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ते स्वतः सभामंडपात आले. ती आज नोकरी करते. तिचा आजार गेलेला नाही. गेल्या वर्षी एक झटका येऊन गेला, सहा आठवडे चालणे बंद होते, पुन्हा दोन मिनिटांपासून आरंभ करावा लागला.

वहिनी २०११ साली गेल्या, न्यूमोनियाने. त्याआधी सुमारे बारा वर्षे, मी माझे शिकलेले पुन्हा शिकले तेव्हापासून, त्या घरातल्या घरात चालत होत्या. खुर्ची ते गॅलरी, अकरा पावले. मोजणी त्यांची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

माझे बोलणे संपले. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, किंवा स्वतःलाच शंका असेल, त्यांनी कृपया थांबावे. एम.एस.च्या तपासणीत २५ फुटांचे अंतर किती सेकंदांत चालता येते हे मोजतात आणि दर काही महिन्यांनी पुन्हा मोजून ताडून पाहतात. या सभागृहाबाहेरचा व्हरांडा मी येताना मोजला आहे, तो तीस फूट भरतो. फीत लावून ठेवली आहे आणि माझ्याजवळ घड्याळ आहे. घाई नाही, एकेकाने यावे.